‘निघून गेली’ असं सांगितलं तेव्हा

आमच्या गेवराई तालुक्यात ‘गेला’ या शब्दानं कोणी दचकत नाही. दसरा-दिवाळी झाली की तलवाड्याच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या भरून निघतात. घराला कुलूप लागतं, म्हातारी माणसं तेवढी ओसरीवर उरतात. कोयता जातो पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतो. एखादा परत आला नाही, तर गाव पहिल्यांदा घाबरत नाही. ‘गेला असेल पुण्या-मुंबईकडं, येईल,’ असं म्हणतं. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. मग कधीतरी घरातली बाई त्या वाक्यावर विश्वास ठेवायचं सोडून देते. पण पुढं काय करायचं, हे तिला कोणी सांगत नाही.

माणूस मेला तर त्याचा देह असतो, दहावा असतो, तेरावा असतो. हरवलेल्याचं काहीच नसतं. ना कुंकू पुसता येत, ना श्राद्ध घालता येत. ज्यांना त्याची खबर असायला हवी, त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर कायदा तो मेला असं धरून चालतो. पण सात वर्षं दाराकडं बघणं ही काय गोष्ट असते, ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आज मला बोलायचं आहे ते ‘गेला’ आणि ‘गेली’ या शब्दांमागं लपवलेल्या काही मृत्यूंबद्दल. माणूस नाहीसा केला जातो, तेव्हा मारणाऱ्याला दोन कामं करावी लागतात. एक, देह नाहीसा करायचा. दुसरं, लोकांना एक पटेल असं वाक्य द्यायचं. मला तर वाटतं, दुसरंच काम जास्त महत्त्वाचं. लोकांना वाक्य पटलं की देह शोधायला कोणी जातच नाही.

१९५६ सालचं पुणं घ्या. शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या विधवा बाई राहत होत्या. स्वतःचं उत्पन्न, शेअर, बँकेत पैसे. प्रकृती मात्र तोळामासा. क्षयाचा जुना आजार आणि मधुमेह. मुलगा लष्करात नोकरीला, दूर. घरात विश्वासाचा माणूस म्हणजे त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर, अनंत चिंतामण लागू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो त्यांना मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायला म्हणून पॅसेंजर गाडीनं घेऊन निघाला. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोहोचली, तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना जी. टी. रुग्णालयात नेलं. शुद्धीवर न येताच त्याच दिवशी दुपारच्या आत त्या गेल्या.

आता इथून पुढं नीट ऐका. रुग्णालयाच्या कागदावर लक्ष्मीबाई कर्वे हे नाव नव्हतंच. होतं ते त्यांच्या माहेरच्या नावाचं मोडतोड केलेलं रूप. इंदुमती हे त्यांचं लग्नाआधीचं नाव, आणि पुण्यात त्यांना त्या नावानं ओळखणारं फारसं कोणी उरलं नसावं. मधुमेहाचा उल्लेख डॉक्टरनं केला नाही. झटके येतात, एवढंच सांगितलं. मृत्यूची खबर त्याला कळवली गेली. त्यावर त्यानं उत्तर पाठवलं, की बाईंचा भाऊ कलकत्त्याहून येईल आणि देह ताब्यात घेईल. तो भाऊ आलाच नाही. दिवसामागून दिवस शवागारात काढल्यावर देह बेवारस ठरला आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या वाटेला लागला. शवविच्छेदन झालं ते आठवड्याहून जास्त काळ उलटल्यावर. व्हिसेरा रासायनिक तपासणीला गेला. विष सापडलं नाही.

आणि पुण्यात? पुण्यात लक्ष्मीबाई जिवंत होत्या! त्यांची पत्रं येत होती. आधी त्या यात्रेला गेल्या होत्या. मग कळलं की त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, जयपूरकडं राठोडी म्हणून गाव आहे, तिथं राहतात, आता परत येणार नाहीत. पत्राखाली सही होती. अशाच बनावट सह्यांनी त्यांचे पैसे निघत होते, शेअर दुसऱ्याच्या नावावर जात होते, घरातलं सामान हलत होतं.

त्या काळच्या पुण्यात चाळिशी उलटलेल्या विधवेनं पुन्हा लग्न करणं ही खरं तर कुजबुजीची गोष्ट. लिहिणाऱ्यानं ती निवडली, यात त्याची बुद्धी दिसते. असं पत्र आलं की नातेवाईक शोध घेत नाहीत. शरमेनं गप्प बसतात. पेठेतल्या अब्रूचा त्यानं कुलपासारखा उपयोग केला. पण काही आप्तेष्टांना ते पटलं नाही. त्यांनी चौकशा केल्या, लेखी तक्रारी केल्या. मार्च १९५८ मध्ये डॉक्टरला अटक झाली, म्हणजे बाई गेल्याला सोळा महिने होत आले होते.

खटला उभा राहिला, तेव्हा सरकारी पक्षाची अवस्था विचित्र होती. विषप्रयोगाचा आरोप, पण विष नाही. कबुली नाही, आरोपीनं विषप्रयोग साफ नाकारला. रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचं कारण मधुमेही बेशुद्धी असं. एखाद्या वकिलाला याहून काय हवं? तरीही सत्र न्यायालयानं फाशी दिली आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही अपील फेटाळलं, पण दोन विरुद्ध एक अशा मतांनी. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्याचा सारांश असा, की विष सापडलं नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असं म्हणता येत नाही. काही विषं खूण ठेवत नाहीत, काहींची खूण देह कुजताना जाते. डॉक्टरला हे इतरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग आधीचं आणि नंतरचं वागणं बघायचं. खोटं नाव, लपवलेला आजार, न येणारा भाऊ, मेलेल्या बाईची पत्रं.

न्यायमूर्ती सरकार यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, बाई नैसर्गिकरीत्या मेल्या आणि त्यानंतर या माणसाच्या मनात पाप आलं, असंही असू शकतं. लुबाडणूक सिद्ध झाली; खून झाला नाही. मी हा निकाल अनेकदा वाचला आहे. बहुमत मला पटतं, पण प्रत्येक वेळी सरकारांच्या मतापाशी थोडा थांबतो. मृत्यूदंडाच्या खटल्यात देशातल्या सर्वोच्च न्यायालयातले तीन शहाणे एकाच कागदाकडं बघून दोन गोष्टी वाचतात. आठवडाभर शवागारात पडलेल्या देहानं काही सांगितलं असतं, तर कदाचित हा मतभेद उरला नसता. देह बोलेनासा होईपर्यंत कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं नाही कारण तिचं नाव तिचं नव्हतं.

आपल्या मुंबईत जन्मलेल्या आणखी एका डॉक्टरनं याच्या वीस वर्षं आधी इंग्लंडमध्ये हाच डाव टाकला होता. बक रक्स्टन हे त्यानं घेतलेलं नाव. मूळचा तो मुंबईचा पारशी, बुख्त्यार हकीम. लँकेस्टर गावात त्याचा दवाखाना होता. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याची पत्नी म्हणून राहणारी इझाबेला आणि घरातली मोलकरीण मेरी रॉजरसन एकाच रात्री नाहीशा झाल्या. बायको सोडून गेली, असं तो सांगे. मेरीच्या घरच्यांना त्यानं सांगितलं, की मुलीला दिवस गेले होते, म्हणून तिला गुपचूप बाहेर नेलं आहे. इथंही तेच शस्त्र: बदनामीची भीती घाला, म्हणजे आईबाप तोंड उघडणार नाहीत.

दोन आठवड्यांनी दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळच्या ओढ्यात गाठोडी सापडली. ओळख पटू नये म्हणून चेहऱ्यांवर शस्त्र चालवलेलं. पण एक गाठोडं ज्या वर्तमानपत्रात बांधलं होतं, तो १५ सप्टेंबरच्या रविवारचा अंक होता, आणि त्याची ती खास आवृत्ती फक्त लँकेस्टरच्या परिसरातच विकली गेली होती. रविवारचा पेपर असाही उपयोगी पडतो! ग्लासगो आणि एडिंबराचे प्राध्यापक, ग्लेस्टर आणि ब्रॅश, यांनी इझाबेलाच्या छायाचित्रावर कवटीचं छायाचित्र ठेवून दोन्ही जुळतात का ते पाहिलं. देहावरच्या अळ्यांच्या वाढीवरून मृत्यूचे दिवस मोजले गेले. आज हे सगळं पोलीस प्रशिक्षणात शिकवतात. तेव्हा जग ते नव्यानं बघत होतं.

मात्र या खटल्यातला मला सर्वांत भिडणारा पुरावा प्राध्यापकांचा नाही. गाठोड्यात एक ब्लाउज होता. त्याला काखेत ठिगळ होतं. ते मेरीच्या सावत्र आईनं ओळखलं, कारण ते तिनंच शिवलं होतं.

रक्स्टननं न्यायालयात सगळं नाकारलं. मे १९३६ मध्ये त्याला मँचेस्टरमध्ये फाशी झाली, आणि त्यानंतरच्या रविवारी एका वर्तमानपत्रानं त्याच्या हातची छोटी कबुली छापली. मेल्यानंतरच उघडायची, या बोलीवर त्यानं ती आधीच देऊन ठेवली होती. त्या कबुलीची तोवर कोणालाच गरज उरली नव्हती. खरं तर कबुली अशीच असावी, असं मला वाटतं: पुरावा पुरा झाल्यानंतर आलेली. पण आपल्याकडं बहुधा उलट घडतं. आधी कबुली येते आणि मग पुरावा तिच्यामागं धावतो. त्यात काय धोका असतो, ते कळायला परत पुण्यात यावं लागेल.

१५ जानेवारी १९७६. अभिनव कला महाविद्यालयाच्या मागं ‘विश्व’ नावाचं छोटं हॉटेल होतं. त्याच्या मालकाचा मुलगा प्रकाश हेगडे त्या संध्याकाळी नाहीसा झाला. त्याच्याच ओळखीच्या, त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी त्याला खोटं कारण सांगून कर्वे रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं होतं. तिथं त्याच्याकडून वडिलांच्या नावे चिठ्ठी लिहून घेतली: मी घर सोडून जात आहे. पुन्हा तेच वाक्य! फरक एवढाच, की इथं अक्षर खरं होतं. लागूनं मेलेल्या बाईच्या नावानं पत्रं लिहिली. या मुलांनी जिवंत मुलाकडून त्याच्या मरणाचं पांघरूण लिहून घेतलं. त्या रात्री त्याला मारून लोखंडी पिंपात घातलं, सोबत दगड भरले आणि पिंप पेशवे पार्कच्या तळ्यात सोडलं. दुसऱ्या दिवशी खंडणीची चिठ्ठी गेली.

सारसबागेलगतचं ते तळं. गणपतीला जाणारी माणसं तिथूनच जात, सुट्टीत मुलं प्राणी बघायला येत. चौदा महिने ते पिंप तिथंच पाण्याखाली होतं.

मधल्या काळात पुण्यात काय झालं, ते वेगळं सांगायला नको. ३१ ऑक्टोबर १९७६ ला जोशी कुटुंब, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकर कुटुंब. दिवेलागणीला रस्ते ओस पडू लागले. आम्ही तलवाड्यात रेडिओवर पुण्याच्या बातम्या ऐकायचो आणि दाराला आतून कडी घालायचो, जणू पुणं वेशीपाशीच आलं होतं. पण गंमत अशी, की त्या बातम्यांत हेगडेचं नाव नसायचं. ज्यांचे देह सापडले, ते खून. ज्याचा सापडला नाही, तो ‘बेपत्ता’. एकाच हातांचं काम दोन वेगळ्या रजिस्टरांत पडलं होतं.

२३ मार्च १९७७ ला त्याच टोळीनं अनिल गोखले या तरुणाला मारलं. लोखंडी शिडीला बांधून, दगड लावून देह नदीत टाकला. या वेळी पाण्यानं साथ दिली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देह येरवड्याजवळ वर आला. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाला नायलॉनची दोरी आणि तिची गाठ ओळखीची वाटली. आधीच्या खुनांतही तशीच होती. गोखलेच्या ओळखीच्या मुलांना बोलावलं. गेल्या काही दिवसांत कुठं होतात, या साध्या प्रश्नावर त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. त्यांच्यातला एक जण ढासळला. मार्च संपण्याआधी राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह अटकेत होते, आणि टोळीतलाच सुहास चांडक पुढं माफीचा साक्षीदार झाला. तळ्यातलं पिंप वर आलं, तेव्हाच ‘घर सोडून गेलेला’ प्रकाश हेगडे खऱ्या अर्थानं सापडला.

आता इथं थोडा कायदा सांगायलाच हवा, कारण चित्रपटांनी आपला फार गोंधळ करून ठेवला आहे. पडद्यावर आरोपी रडत ‘हो, मीच मारलं’ म्हणतो आणि फाईल बंद होते. आपला पुरावा कायदा १८७२ सालचा, आणि त्यानं पहिल्यापासून उलट सांगितलं: पोलिसांपुढं दिलेली कबुली न्यायालयात चालणार नाही. इंग्रज सरकारला आपल्याच पोलिसांवर भरवसा नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ! कोठडीत कबुली कशी निघते, हे त्यांना ठाऊक होतं. फक्त एक फट ठेवली, ती म्हणजे प्रसिद्ध कलम २७. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या शोधाशी जेवढा भाग थेट जोडलेला, तेवढाच ग्राह्य. ‘मी त्याला मारलं आणि पिंप तळ्यात टाकलं’ असं कोणी फौजदाराला सांगितलं आणि पिंप निघालं, तर पिंप कुठं आहे हे त्याला माहीत होतं, एवढंच न्यायाधीश ऐकणार. ‘मी मारलं’ हे शब्द कान झाकून सोडून द्यायचे. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनं आंध्रातल्या एका खटल्यात ही रेघ कायमची आखून दिली. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले. रेघ तिथंच आहे.

म्हणजे कायदा माणसाच्या जिभेपेक्षा तळ्यातल्या पिंपावर जास्त विश्वास ठेवतो. माफीच्या साक्षीदाराचंही तसंच. चोर चोर मावसभाऊ. त्यातला एक भाऊ स्वतःची मान सोडवून दुसऱ्याकडं बोट दाखवतो, तेव्हा त्या बोटाला बाहेरचा आधार हवाच. पुण्याच्या खटल्यात तो होता. २८ सप्टेंबर १९७८ ला न्यायाधीश वा. ना. बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. ती पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात अमलात आली.

पण हा आधार नसला तर काय होतं, ते मराठवाड्यानं पाहिलं आहे. परभणी जिल्ह्यातलं मानवत आमच्यापासून काही फार लांब नाही. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथं बायका आणि लहान मुली एकामागून एक मारल्या गेल्या. गुप्तधन आणि जादूटोण्याचं नाव निघालं. दुष्काळाचे दिवस, आया पोरींना एकटं शेतात पाठवेनात. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा नामांकित अधिकारी तपासाला आला. आरोपींचे कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांपुढं नोंदवले गेले, माफीचे साक्षीदारही उभे राहिले. तरी १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं तिथंच बोट ठेवलं: कबुली लिहून घेताना कायद्यानं सांगितलेली पथ्यं नीट पाळलेली नाहीत, ती स्वखुशीनं दिली जाते आहे का हे पुरेसं तपासलेलं नाही. शेवटी ज्यांच्यासाठी हे सगळं झालं असं सरकारी पक्षानं म्हटलं, ते मुख्य आरोपी सुटले. मानवतच्या त्या घरांना ‘का’ आणि ‘कोणी’ याचं पुरं उत्तर मिळालं, असं मला वाटत नाही.

मुनव्वर शाहनं तुरुंगात पुस्तक लिहिलं, ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’. पुढं १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. लोकांना जक्कलचा थंडपणा आणि शाहचा पश्चात्ताप लक्षात राहिला. प्रकाश हेगडेच्या घरी त्या चौदा महिन्यांत ती चिठ्ठी कितीदा वाचली गेली असेल, अक्षर मुलाचंच आहे म्हणून कितीदा जीव भांड्यात पडला असेल, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

आज लक्ष्मीबाईंचा देह बेवारस म्हणून आला असता तर? डीएनए काढता येतो, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण काढून तो कशाशी जुळवायचा? बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांचे आणि बेवारस देहांचे नमुने एका जागी असतील, तर नाव खोटं सांगितलं तरी रक्त खरं सांगेल. देशभर अशा नोंदी ठेवण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं गेलं. या माहितीचा गैरवापर होईल, ही त्याविरुद्धची शंका खोटी नव्हती. लहान मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा म्हणूनच नोंद करायची. नुसतं रजिस्टरात लिहून ठेवायचं नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र सुरुवात अजून बहुधा बेपत्ता नोंदीनंच होते, आणि ‘निघून गेला असेल’ हे वाक्य आपण त्याच्यासाठी तयार ठेवलेलं असतं.

ती नोंद करताना ठाण्यात एक तक्ता भरून घेतात. नाव, वय, उंची, बांधा, वर्ण, आणि ‘अंगावरील कपडे’. या शेवटच्या रकान्यात बहुतेक जण ‘पांढरा सदरा, पायजमा’ एवढंच सांगून मोकळे होतात. आमच्याकडं ऊसतोडीला निघालेल्या माणसाचा सदरा असा कोरा नसतो. काखेत, कोपरावर, गळपट्टीला कुठं ना कुठं दोरा फिरलेला असतो, आणि तो कोणत्या रंगाचा आहे हे घरातल्या एका बाईला नक्की माहीत असतं. तेवढं तिला विचारून त्या रकान्यात लिहून घ्यावं.